खराडेसरांच्या मुलाची लक्षणं

"अठरापैकी चौदा लक्षणं जुळतात, मॅडम. मी स्वतः टिक करून बघितलीत," खराडेसर म्हणाले आणि खुर्चीत ऐसपैस टेकले. "सहा असली तरी पुरतात ना?"

"सहा पुरतात," मी म्हटलं.

"आपण चौदा आणलीत."

बाजारातून भाजी आणावी तशी त्यांनी लक्षणं आणली होती. वर पाव किलो जास्तच. माझ्या टेबलावर त्यांनी प्लॅस्टिकची फाइल ठेवली, तिच्यावर मुलाचं नाव छापून चिकटवलं होतं आणि नावाखाली त्यांच्या क्लासची जाहिरातही होती. मुलाच्या आजाराच्या फाइलवर स्वतःच्या क्लासची जाहिरात लावणारा बाप मी तेव्हा पहिल्यांदाच बघत होते.

त्या काळात मी मिरजेत प्रॅक्टिस करत होते. मुलांच्या वागण्याच्या आणि एकाग्रतेच्या तक्रारी तपासणं हे माझं काम. गणपती उठले की माझ्याकडे एका खास प्रकारच्या आईबापांचा हंगाम सुरू व्हायचा. मुलाचं दहावीचं वर्ष असायचं, मार्क काही केल्या वर चढत नसायचे, आणि कुणीतरी कानात सांगितलेलं असायचं की लक्ष लागत नसल्याचा दाखला मिळाला तर बोर्डाच्या पेपरला जादा वेळ मिळतो. जून महिन्यापर्यंत ज्याला 'आमचा वाघ' म्हणायचं त्यालाच सप्टेंबरात आजारी ठरवायला हे लोक गाडी करून यायचे. माझ्या दारात गाडीतून उतरताना मुलाला दटावून सांगायचे, "आत गेल्यावर जरा चुळबुळ कर." आणि ज्यांची मुलं खरोखर हैराण होती, ज्यांना शाळेतून रोज चिठ्ठ्या यायच्या, ते गरीब बिचारे यांच्या गर्दीमुळे तारखेसाठी ताटकळत बसायचे. मला या दाखलेवाल्या आईबापांचा तिटकारा होता. अजूनही आहे.

खराडेसर त्या सगळ्यांचे राजे. विट्याला त्यांचे दहावीचे क्लास होते आणि एस.टी. स्टँडपासून बाजारापर्यंत त्यांचे फ्लेक्स होते. फ्लेक्सवर गुणवंतांचे चेहरे पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि मधोमध सर कमरेपर्यंत. त्यांचाच मुलगा विश्वजित चाचणीत चौऱ्याहत्तर टक्क्यांवर थांबला होता. सरांचा मुलगा चौऱ्याहत्तरवर राहिला तर पुढच्या फ्लेक्सवर काय छापायचं, हा त्या घरातला खरा आजार होता.

विश्वजितला मी सकाळीच तपासलं होतं. सहा फुटाला दोन बोटं कमी असलेला, शांत, जरा मंद हसणारा पोरगा. माझ्या दाराची चौकट ठेंगणी, तिथून आत येताना त्याला मान वाकवावी लागली. अक्षरांनी गच्च भरलेला कागद द्यायचा आणि त्यातलं एकच अक्षर शोधून खोडायला सांगायचं, अशी एक तपासणी असते. इतकं कंटाळवाणं काम की धडधाकट माणूसही मध्येच जांभया देतो. त्यानं ते एकही न चुकवता पूर्ण केलं आणि म्हणाला, "झालं, मॅडम. आता पाणी पिऊ का?" त्याचं लक्ष माझ्यापेक्षा बरं होतं. त्याला बीजगणित येत नव्हतं, एवढंच.

"घरात आणखी कोण कोण?" मी सरांना विचारलं.

"एक मुलगी आहे. शर्वरी. चौथीत." त्यांनी हात झटकला. "तिचा इथं काही संबंध नाही. ती नॉर्मल आहे. वांड आहे फक्त. आणि आळशी. दिवाळी झाली की तिला निवासी शाळेत टाकतोय."

"नऊ वर्षांच्या मुलीला?"

"डोंगरात एक शाळा आहे. रिटायर्ड मिलिटरीवाले चालवतात. तिथले सर वेताला तेल लावून ठेवतात म्हणे." ते कौतुकानं हसले. "सहा महिन्यांत पोरं सुतासारखी सरळ होतात. घरी यायची परवानगी वर्षातून एकदा. त्याशिवाय वळण लागत नाही, मॅडम."

त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, शैलजाबाई. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. सरांच्या प्रत्येक वाक्याला त्यांची मान हलत होती. या वाक्याला हलली नाही. पण माझ्या डोक्यात सरांचा राग इतका भरला होता की मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

आईबापांना एकत्र ऐकून घेतलं की मी दोघांना वेगवेगळं बसवते. आणि 'मुलाचं लक्ष लागतं का' असलं काही विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सगळे पाठ करूनच येतात. मी कालचा दिवस विचारते. काल उठवलं कुणी, दात घासायला किती वेळ लागला, चप्पल सापडली का, जेवताना काय झालं. खरं मूल घरात असेल तर कालच्या दिवसात ते कुठेतरी सापडतंच. मी शैलजाबाईंना बाहेर बसवलं आणि सरांपासून सुरुवात केली.

"काल विश्वजित किती वाजता उठला?"

"पाच. आमच्याकडे पाचच."

"उठवलं कुणी?"

"घरात."

"घरात म्हणजे कुणी?"

"मिसेसनी असेल."

"उठल्यावर पहिलं काय केलं?"

"अभ्यास."

"दात घासले असतील आधी?"

"ते काय मी बघत नाही, मॅडम." त्यांचा आवाज जरा चढला. असले फालतू प्रश्न विचारायला ही बाई फी घेते, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

"त्याचा जवळचा मित्र कोण?"

"दहावीच्या वर्षात मित्र कशाला?"

"बरं, लक्ष उडाल्यामुळे त्याचं काही नुकसान झालं, अशी एखादी गोष्ट सांगा. कुठलीही."

सरांनी फाइल उघडली, चष्मा नाकावर सरकवला आणि वाचलं, "'दैनंदिन कामांमध्ये विसराळूपणा आढळतो.'"

"हे झालं पुस्तकातलं. उदाहरण?"

"उदाहरणं मिसेस देतील," ते शांतपणे म्हणाले. "आम्ही पोर्शन वाटून घेतलाय. थिअरी माझ्याकडे, उदाहरणं तिच्याकडे."

मी पेन खाली ठेवलं आणि त्यांना बाहेर पाठवलं. या माणसाला स्वतःच्या पोराच्या मार्कांचा दशांश माहीत होता आणि पोराच्या तोंडात दात किती हे माहीत नव्हतं. शैलजाबाईंना आत घेताना मी ठरवूनच टाकलं होतं की दहा मिनिटांत हे प्रकरण उरकायचं. त्याही पढवलेल्याच असणार. नवऱ्यानं दिलेला पोर्शन त्या घडाघडा म्हणतील, मी ऐकेन आणि नमस्कार करून दोघांची बोळवण करीन.

"कालचा दिवस सांगा," मी म्हटलं. "सकाळपासून."

त्यांनी घसा साफ केला. "काल आंघोळीला पाठवलं. किती वेळ झाला तरी बाहेर नाही. जाऊन बघितलं तर बादली भरून वाहतीय आणि हा भिंतीवरच्या गोगलगायीकडं बघत उभा. अंग कोरडं ठाक. हातातला साबण मात्र निम्मा विरघळलेला."

"मग?"

"मग मी ओरडले. ओरडल्यावर दोन तांबे घेतले अंगावर आणि आला बाहेर. पाठ कोरडीच."

तयारी बरी आहे, असं मी मनात म्हटलं. पंधरा वर्षांचा घोडा गोगलगाय बघत उभा राहतो, हे ऐकायला जरा विचित्र होतं, पण खोटं बोलणाऱ्यांना वयाचं भान राहत नाही हा माझा अनुभव होता.

"पुढे?"

"शाळेतनं डबा तसाच परत. विचारलं, का रे खाल्ला नाहीस? तर म्हणे, मधल्या सुट्टीत मुंग्या बिस्किटाचा तुकडा ओढून नेत होत्या. त्या कुठं नेतात ते बघायला गेलो, तेवढ्यात घंटा झाली." शैलजाबाईंच्या तोंडावर हसू आलं आणि त्यांनी ते लगेच आवरलं. "बरं, खोटं बोलायचं म्हणून बोलत नाही हो. खरंच मुंग्यांच्या मागं गेलेला असणार. डब्याच्या झाकणात एक मुंगळासुद्धा होता. घरी दाखवायला आणलेला."

माझं पेन थांबलं. झाकणातला मुंगळा इंटरनेटवर मिळत नाही.

"संध्याकाळी कोथिंबीर आणायला पाठवलं," त्या सांगत होत्या. आता पर्स मांडीवरून खाली घसरली होती आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "समोरच्या कोपऱ्यावरचं दुकान. अंधार पडायला लागला तरी पत्ता नाही. माझा जीव वरखाली. शेवटी आला. कोथिंबीर नाही, पिशवी नाही, हातात कुत्र्याचं पिल्लू. म्हणे, याची आई हरवलीय. मी म्हटलं, कोथिंबीर? तर माझ्याकडं असं बघितलं की जसा काय हा शब्दच आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. मग त्याच्या ध्यानात आलं. आणि त्याचं तोंड जे पडलं, मॅडम, मला मारायचं होतं, माझा हात उचलेना."

"हाक मारली की ऐकतो?"

"हाकेचा काय उपयोग नाही. हाका मारून मारून माझा घसा बसतो. जवळ जावं लागतं." आणि त्या उठल्या. सांगण्याच्या भरात त्यांना आपण कुठे आहोत याचाही विसर पडला असावा. "असं जवळ जायचं, अशी हनुवटी धरायची, तोंड आपल्याकडं वळवायचं. डोळे माझ्या डोळ्यांत आले की मग सांगायचं. तेही एकच काम. दोन सांगितली की दुसरं गेलंच."

त्या जरा पुढे वाकून उभ्या होत्या. उजव्या हाताची बोटं हवेतली हनुवटी धरून होती आणि ती हनुवटी त्यांच्या कमरेच्या थोडी वर होती. त्यांचा सहा फुटी मुलगा बाहेर बाकावर बसला होता. त्याची हनुवटी धरायची तर या बाईंना स्टुलावर चढावं लागलं असतं.

"शैलजाबाई," मी म्हटलं, "तुमचा हात कुठे आहे बघा."

त्यांनी हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. हात तसाच राहिला, खाली घ्यायचं सुचलं नसावं.

"ही हनुवटी कुणाची?"

त्या खाली बसल्या. पर्स उचलून पुन्हा मांडीवर घेतली.

"शरूची," त्या म्हणाल्या.

"शर्वरीची? म्हणजे मुंगळा, पिल्लू, बादली, सगळं तिचं?"

"सर म्हणाले, नेटवरचं पाठ करू नकोस, मॅडम ओळखतात. घरातलं सांग. आता विश्वाचं मी घरातलं काय सांगू? तो आपला गप बसून अभ्यास करतो. येत नाही त्याला, पण बसतो बिचारा. मग घरात जे होतं ते सांगितलं."

"आणि ती चौदा लक्षणं? ती कशी जुळली?"

"ती जेवताना वाचली त्यांनी. एकेक वाचायचे आणि मला विचारायचे, असं काही होतं का आपल्याकडं? मी म्हणायची, हे होतं, शरूचं होतं. ते म्हणायचे, छान, हेच सांगायचं. आणि टिक करायचे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकते आहे. "शर्वरी कुठे होती तेव्हा?"

"तिथंच. ताटावर. भात चिवडत होती."

मला माणसांचा राग येतो, तो माझा स्वभावच आहे. पण त्या दिवशी आला तसा क्वचित आला असेल. दोन शिकलेली माणसं, त्यांतला एक शिक्षक, एका मुलीच्या देखत तिची चौदा लक्षणं एकामागून एक मोजतात, प्रत्येकाला हो म्हणतात आणि मग गाडी काढून तिच्या भावाला घेऊन डॉक्टरकडे येतात. वर तिला सरळ करायला वेताच्या शाळेत नाव घालून ठेवतात. इतका मठ्ठपणा जमायलाही मेहनत लागत असेल.

"तुमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला.

"काय?" त्यांनी खरोखरच विचारलं.

"की हे तिला आहे. तुम्ही जे मला शिकवायला आलात, ते तुमच्या मुलीला आहे."

"तिला काय असणार, मॅडम? ती वांड आहे. सगळेच म्हणतात. शाळेतल्या बाई म्हणतात, सासूबाई म्हणतात. तिच्या मार्काला कोण विचारतंय? चौथीतल्या पोरीला काय बोर्डाचा पेपर असतो?" एवढं बोलून त्या थांबल्या. खिडकीकडे बघत राहिल्या.

"रात्री कधी कधी माझ्या उशाशी येऊन उभी राहते," त्या म्हणाल्या. "दिवसा मी मारलेलं असतं. म्हणते, आई, मी मुद्दाम नाही करत ग. मला कळतच नाही कधी होतं ते."

"तुम्ही काय म्हणता?"

"झोप म्हणते."

"ही गोष्ट मघाशी सांगितली नाहीत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मूर्ख मीच होते. "ती विश्वाची म्हणून कशी सांगू?"

पुढचं सगळं मी सरांना आत बोलावून तोडून सांगितलं. विश्वजितला एकाग्रतेचा कुठलाही आजार नाही, त्याला चांगल्या गणिताच्या शिक्षकाची गरज आहे. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हटलं. शर्वरीला मात्र तपासायला हवं, आणि तपासणी होईपर्यंत तिला कुठल्याही डोंगरावर पाठवायचं नाही. तिची हनुवटी धरून एकेक गोष्ट सांगणारी आई तिथे नसेल. तिथे वेत असेल आणि ही मुलगी रोज खाईल, कारण ती रोज विसरणार आहे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं त्यांना निदान लाज वाटेल.

"मग अडचण कुठं आहे?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"लक्षणं खरी आहेत असं तुम्हीच म्हणताय. घर तेच, आईबाप तेच, आडनाव तेच." ते पुढे वाकले. "नाव तेवढं विश्वजितचं घाला."

मी हसले. दुसरं काय करणार?

"हसू नका, मॅडम. मी प्रॅक्टिकल बोलतोय. तिला जादा वेळ घेऊन काय करायचंय?"

"शर्वरीला घेऊन या," मी म्हटलं. "तिच्या नावानं तपासते आणि तिच्या नावानं लिहिते."

"मुलीच्या नावावर असला कागद?" ते खुर्चीत ताठ झाले. "उद्या तिला स्थळं यायला लागली आणि कुणी मिरजेत येऊन चौकशी केली तर?"

"आणि मुलाच्या नावावर चालतो?"

"मार्कलिस्टवर येत नाही ते. मी विचारलंय बोर्डात."

त्यांनी फाइल बंद केली, नीट पिशवीत घातली. "ठीक आहे. डॉक्टर काय तुम्ही एकट्याच नाही. आम्ही कोल्हापूरला जाऊ."

"जा की. पण कोल्हापुरातही कालचा दिवस विचारतात," मी म्हटलं. "आणि तुम्हाला तर तुमचा मुलगा दात घासतो की नाही हेही माहीत नाही. तिथे तुमची थिअरी कुणी ऐकत नाही, सर. तिथेही बाईंनाच बोलावं लागेल."

हे मी त्यांना टोचायला म्हटलं होतं, दुसरा काही हेतू नव्हता. सरांना ते टोचलं नाही. शैलजाबाईंनी मात्र मान वर केली.

"अहो," त्या म्हणाल्या. "शरू घरी राहणार."

"प्रवेश झालाय तिचा. चल."

"रद्द करा."

"हे काय इथं बोलायचं का?"

"इथंच बोलायचं. घरी तुम्ही बोलू देत नाही." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. बाजारात भाव ठरवताना बायका बोलतात त्या आवाजात त्या बोलत होत्या. "ती त्या शाळेत गेली, तर कोल्हापुरात मी तोंड उघडणार नाही. तुम्ही सांगा काय सांगायचं ते. मुंग्यांचं सांगा, बादलीचं सांगा. तुम्हाला जमतंय का बघू."

"आणि नाही गेली तर?"

"ती घरी राहिली आणि दर शनिवारी इथं मॅडमकडं आली, तर विश्वासाठी तुम्ही म्हणाल तिथं बोलते. कोल्हापूर सोडा, मुंबईला चला."

हे सगळं माझ्या खोलीत, माझ्या टेबलासमोर चाललं होतं. एक बाई खोटी साक्ष विकत होती आणि त्या बदल्यात स्वतःच्या मुलीला घरात ठेवून घेत होती. दोघांनाही त्याच क्षणी बाहेर काढायला हवं होतं. मी बसून राहिले, कारण सर विचार करत होते आणि मला त्यांचं उत्तर ऐकायचं होतं.

"किती दिवस आणायचं तिला इथं?" त्यांनी विचारलं.

"मॅडम म्हणतील तितके."

"विट्यात कुणाला कळता कामा नये."

"नाही कळणार."

"घरी आईला काय सांगायचं?"

"चित्रकलेचा क्लास लावलाय म्हणून सांगते."

सरांनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले आणि बायकोकडे वळून म्हणाले, "आणि कोल्हापुरात ते हात-बित करून दाखवायचं नाही. इथं त्यानंच घोळ झाला."

"खाली बसून बोलेन," शैलजाबाई म्हणाल्या.

माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही. मी तिथे आहे हे ते विसरलेच होते की मला गृहीत धरून चालले होते, कोण जाणे. बाहेर विश्वजित उठून उभा राहिला, आईची पर्स त्यानं आपल्या हातात घेतली आणि तिघं गेले.

शनिवारी शैलजाबाई मुलीला घेऊन आल्या. वाळकी काडी होती ती. मोठे डोळे, एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता. आल्या आल्या तिनं माझ्या टेबलावरची घंटा वाजवली, मग उलटी करून आत काय आहे ते बघितलं, मग मला विचारलं की माझ्या खिडकीतल्या कोळ्याला मी काय खायला घालते. तिला आजार होता. मी आजवर बघितलेल्या मुलांमध्ये इतकं स्पष्ट क्वचित दिसलं असेल. त्यापुढच्या शनिवारीही ती आली, आणि त्याच्या पुढच्याही. आई बाहेर बाकावर बसून स्वेटर विणायची. एका वेळी एकच काम सांगायला शैलजाबाई शिकल्या होत्याच, आता मी त्यांना ओरडल्याशिवाय सांगायला शिकवत होते. शिकत होत्या. मला त्या फारशा आवडत नव्हत्या, तरी हे कबूल करायला हवं.

दिवाळी तोंडावर आली होती तेव्हा कोल्हापूरहून डॉक्टर हेरलेकरांचा फोन आला. आम्हा तपासणी करणाऱ्यांत एक अलिखित रीत होती. दुसऱ्या जिल्ह्यातून कुणी दाखल्यासाठी आलं की तिथल्या माणसाला फोन करून विचारायचं, तुमच्याकडून नकार घेऊन आलेत का? एका दारातून हाकललेले दुसऱ्या दारात जायचे, त्यांना पकडायची ही आमची युक्ती. ती मीच सुरू केली होती.

"मॅडम, विट्याचे खराडे तुमच्याकडे येऊन गेलेत का?" हेरलेकरांनी विचारलं.

"ओळखते त्यांना," मी म्हटलं.

"बाप नाटकी आहे. मुलगा तर मला चांगला वाटतोय, पण आजकाल मोठ्या मुलांचं वरून कळत नाही. आई मात्र, काय सांगते हो ती बाई! मुंग्या, बादली, कुत्र्याचं पिल्लू. इतकं नेमकं सांगणारी आई मला कित्येक वर्षांत भेटली नाही. हे घरात बसून रचता येणार नाही, असं मला तरी वाटतं. पण तुम्हाला विचारल्याशिवाय सही करणार नाही."

शर्वरी माझ्यासमोर सतरंजीवर पोटावर पडून रंगीत मणी रंगांप्रमाणे वेगळे करत होती. लाल संपवून ती हिरव्यांकडे वळली होती आणि अजून उठली नव्हती. हेरलेकरांनी सही केली नाही तर खराडेसर काय करतील हे मला ठाऊक होतं. डोंगरावरच्या शाळेतला प्रवेश त्यांनी अजून रद्द केलेला नव्हता. कागद हातात पडल्यावर करतो, असं त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं. त्या माणसाच्या बाजूनं तोंड उघडायचं या कल्पनेचाच मला तिटकारा होता.

"ऐकताय ना, मॅडम?" हेरलेकर म्हणाले. "बाई खरं बोलतेय का, एवढंच सांगा."

"खरं बोलतेय," मी म्हटलं. "शब्द न् शब्द खरा आहे."